आठ सिलेंडरचं रुखवत

मेण

गाडीचं नाक पुन्हा चुकलं, तेव्हा संस्कृतीनं मेणाचा तो सगळा गोळा वितळवून टाकला आणि शेजारी वाळत ठेवलेल्या कुण्या आजोबांच्या खालच्या कवळीकडं बघत चहा प्यायला.

अंबाजोगाईच्या एका लॅबमध्ये ती दात करायची. डॉक्टर लोक तोंडाचं माप पाठवत. ही प्लास्टरमध्ये जबडा ओतायची, मेणात हिरड्या कोरायची, मेणाच्या जागी अ‍ॅक्रिलिक भरून शिजवायची, घासायची, चमकवायची आणि डबीत घालून देऊन टाकायची. पुढं ते दात केजच्या बाजारात घासाघीस करत, परळीत भांडत, धारूरला कुणाच्या बारशात लाडू फोडत. संस्कृतीला त्यातलं काही कळत नसे. तिच्या कामाची गंमतच अशी होती की ते चांगलं झालं तर कुणाला दिसत नसे. दिसलं, म्हणजे बिघडलं. शिक्षण संपल्यापासून ती दिसू नयेत अशाच वस्तू करत आली होती.

आता लग्न ठरलं होतं. आणि रुखवतात एक तरी वस्तू अशी ठेवायची की बघणारा जागच्या जागी थांबला पाहिजे, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

वस्तू ठरलेली होती. १९७० सालची अमेरिकन चॅलेंजर. लांबलचक बॉनेट, आखूड शेपूट, मागची चाकं रुंद, पोटात आठ सिलेंडरचं इंजिन. मसल कार म्हणतात तिला. तालमीतून आत्ताच बाहेर आलेल्या पैलवानासारखी उभी राहते, छाती पुढं काढून.

हीच का? तर जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर तिनं कुठल्या तरी लांबच्या देशातल्या माणसाला ही गाडी छोटी करून बनवताना बघितलं होतं. त्याच्या हातात मायक्रोमोटर होता. दात घासायचं तेच फिरतं यंत्र, जे तिच्या हातात दिवसभर असायचं. तार तीच. मेण तेच. बारीक ब्रशसुद्धा तेच. पोळीचा घास हातातच राहिला आणि ती स्वतःच्या टेबलाकडं बघत बसली. हे सगळं तर आपल्याकडं आहे.

चहा संपला. तिनं मेण पुन्हा तापवायला ठेवलं. या वेळी नाक जमलं.

माप

सुट्टीला ती पाटोद्याजवळच्या आपल्या गावी यायची. वडील मोहनराव पूर्वी पंचायत समितीत होते आणि अजूनही इस्त्रीचे पांढरे कपडे घातल्याशिवाय ओट्यावर बसत नसत. आई सैपाकघरातून हो ला हो करायची. आणि रुखवताचं सगळं सेनापतीपण मोहनरावांच्या थोरल्या बहिणीकडं, भिवराबाईकडं होतं.

"रुखवतात गाडी?" आत्या म्हणाली. "आगं, लोकरीचा मोर कर. खारकांचे नवरा-नवरी कर. करंज्यांचा डोंगर कर. गाडी कावून?"

"मला येतीय म्हणून."

"आमाला काय येत न्हाई? तरी आमी कुणी टेबलावर बैलगाडी ठिवली न्हाई."

"आत्या, तुमीच म्हणता ना, भाड्याचं रुखवत नको, नवरीच्या हाताचं पायजे. ही हाताची हाय."

बीडच्या दुकानातून रुखवत भाड्यानं आणून दुसऱ्या दिवशी परत करणाऱ्या लोकांवर तिचा फार राग होता.

"केवढी करणार?" मोहनरावांनी पेपरातून डोकं काढलं.

"खऱ्या गाडीचा सोळावा हिस्सा. फूटभर होईल, आप्पा."

"म्हंजी रुपयाला आणा."

"हां."

"मग आणेवारी नीट लाव. सरकारसारखी नगं."

सामान

चाकांना बोअरच्या मोटरीतल्या रबरी रिंगा, ज्या घेताना पाटोद्याचा दुकानदार म्हणाला मोटर किती एचपीची, ही म्हणाली मोटर नाही गाडी, तो म्हणाला मग टायरवाल्याकडं जा; बंपरला आणि वायपरला वेडेवाकडे दात ओढायची स्टीलची तार; समोरच्या जाळीला चहाची गाळणी, जी आई अजून शोधते आहे; स्पार्क प्लगच्या वायरींना दातांच्या फटी साफ करायचा दोरा, काळ्या रंगात बुडवून; मागच्या लाल दिव्यांना आत्याची फुटलेली बांगडी; सीटांना मोहनरावांच्या कुठल्याशा सत्कारात मिळालेल्या पाकिटाचं रेक्झिन; चार गोल हेडलाइटना पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचे चार थेंब, दाबून, घासून, पुन्हा घासून; आणि बॉडी, जी शिजून साच्यातून बाहेर आली तेव्हा हिरडीच्या रंगाची होती, गुलाबी, ओली, चकचकीत, कारण लॅबमध्ये अ‍ॅक्रिलिक त्याच रंगाचं मिळतं, आणि समोर गाळणी बसवल्यावर तर ती गाडी वाटेचना, एखादं फार आनंदी तोंडच टेबलावर हसत पडलंय असं वाटलं.

मच्छरदाणी

"हळदीचा रंग दे," आत्या म्हणाली. "नवरीची गाडी हाय."

संस्कृतीनं मोबाइलवर बघितलं. त्या काळी कंपनीनंच अशा पिवळ्या रंगाच्या गाड्या काढल्या होत्या. आत्याला ते सांगितल्यावर आत्याला नवल वाटलं नाही. हळद काय फक्त आपल्याकडंच लावतात का, असा तिचा चेहरा झाला.

गावात मळणी चालू होती आणि हवेत भुसकट उडत होतं. रंग ओला असताना धुळीचा एक कण बसला तरी तो सोळापट मोठा दगड दिसतो. म्हणून तिनं खोलीत मच्छरदाणी बांधली, फरशीवर पाणी शिंपडलं, दारं लावली आणि रंगाचा फवारा घेऊन आत जाऊन बसली.

"बाळंतीण बसल्यासारखी बसलीय," आत्या दाराआडून आईला सांगत होती. "आत्ता रडाय लागंल बघ गाडी."

पिवळा रंग वाळल्यावर दोन्ही अंगांना काळा पट्टा ओढला. बॉनेटला तारेची बिजागरी केली, नखानं उचललं की उघडायचं. आत इंजिन, पंखा, पट्टा, काळ्या दोऱ्यांच्या वायरी. आत्यानं चष्मा लावून डोकं खुपसलं.

"स्टेरिंग चुकलं. डाव्या अंगाला बसिवलंस."

"तिकडं डावीकडंच असतं, आत्या."

"मग आपल्या रोडवर कशी चालायची?"

"फूटभर गाडी हाय."

"आगं पण चालवायची म्हटलं तर."

फोटो

आत्यानं गाडीचा फोटो काढला आणि दोन्हीकडच्या पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली आवाजात निरोप दिला: संस्कृतीच्या रुखवतात गाडी हाय बरं का, पिवळी, समद्यांनी बघाय या.

एवढंच.

पण मागच्या लगनसराईत शेजारच्या तालुक्यात एक लग्न झालं होतं. तिथल्या एका पुढाऱ्यानं मुलीच्या रुखवतात खेळण्यातली गाडी ठेवली होती आणि शेजारी लाल रिबिन लावून खरी चावी. लोक चावी कसली विचारतायत तोवर बँडच्या मागून खरीखुरी चारचाकी मांडवात शिरली होती. तेव्हापासून या भागात रुखवतात गाडी ठेवली, म्हणजे पुढं काय येणार ते शेंबडं पोरही सांगू शकत होतं. आत्या गुडघ्याच्या दुखण्यामुळं त्या लग्नाला गेली नव्हती. संस्कृती लॅबमध्ये होती. मोहनराव गेले होते, जेवलेही होते. पण ते ग्रुपवरचे निरोप कधी ऐकत नसत.

सकाळी त्यांचा फोन वाजला. नवऱ्या मुलाचे काका विजयसिंह बोलत होते. गावातल्या सोसायटीचे चेअरमन, आणि त्या घरातला शेवटचा शब्द. पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. अलीकडचं असं ऐकू आलं:

"बोला चेअरमन साहेब, बोला."

"गाडी? हां, हाय की. पोरीनं..."

"पिवळी. हां. तुमाला कुणी..."

"कंपनी? ते पोरीलाच ठाऊक."

"आँ? गेट?"

"न्हाई न्हाई, पाडू नका. गेट कावून..."

"पाडलं?"

"बघू की. हां. बघू की. ठिवतो."

मोहनरावांनी फोन खाली ठेवला आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"त्यांनी गेटचा एक खांब पाडला," ते म्हणाले. "गाडी आत याया जागा पायजे म्हणून."

बघू की

"आप्पा, फोन लावा आन सांगा. ही फूटभर गाडी हाय, दुसरी कुठली न्हाई."

"मला न्हाई म्हणता येत न्हाई, बाळा."

हे खरं होतं. सगळ्या राजकारणात त्यांनी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. रस्ता मागा, विहीर मागा, विजेचा डीपी जळाला म्हणून या. मोहनराव म्हणत, बघू की. यावरच एकदा निवडून आले होते आणि यावरच पुढच्या वेळी पडले होते.

"तू असं कर," ते म्हणाले. "ती गाडी रुखवतात ठिवूच नको. म्हंजी मला खरी ठिवावी लागणार न्हाई. त्यांना म्हणू, फोटो दुसऱ्या कुणाचा व्हता."

दुसऱ्या कुणाचा. संस्कृती गाडीच्या छतावरून बोट फिरवत उभी राहिली. हजारो दात करून झाले होते आणि ते कुणी केलेत हे कुणी विचारलं नव्हतं. त्याचं तिला वाईट वाटत नसे, ते कामच तसं. पण ही गाडी तिनं बघण्यासाठी केली होती. ही कपाटात गेली, तर तोही एक दातच झाला.

"ठिवणार ना मग कपाटात?" मोहनरावांनी विचारलं.

"बघू की," मोहनरावांची मुलगी म्हणाली, आणि गाडी खोक्यात घालून अंबाजोगाईला निघून गेली.

सत्यम

नवरा मुलगा सत्यम नेकनूरच्या बाजूला जनावरांचा डॉक्टर होता. तिनं फोन केला.

"थांब जरा, हात गुंतलाय."

"कुठं?"

"म्हशीत."

ती थांबली. पाणी ओतल्याचा आवाज आला, कुणीतरी म्हशीला शिव्या दिल्या, मग तो परत आला.

"बोल. दोघी खुशाल हायेत. वगार झाली."

"अहो, तुमच्या काकांनी गेट पाडलंय."

"हां. मी म्हटलं त्यांना, काका, मला मोटारसायकल बरी, बांधावरनं चारचाकी जाती का. तर म्हणतात, लाजू नको."

"पण ती गाडी मी बनवलेली हाय. हाताची. फूटभर."

"ते मला म्हाईत हाय. मी फोटो मोठा करून बघितला. बॉनेटच्या मागं बोटाचा ठसा दिसतोय. ठसा पुसू नको. चांगला दिसतोय."

संस्कृतीनं कामाचं विचारलं. "सोमवारी काका कुठं असतात?"

"कपिलधारला, दर्शनाला. सोमवार चुकवत न्हाईत. कावून?"

"लग्नाआधी मी तुमच्या घरी याय न्हाई पायजे. कपिलधारला कुणीही जातंच की."

कपिलधार

बसमध्ये खोकं मांडीवर होतं. शेजारच्या बाईनं विचारलं, केक हाय का. संस्कृती म्हणाली, हां. मग त्या बाईनं मांजरसुंबा येईपर्यंत प्रत्येक खड्ड्याला स्वतःचाही एक हात खोक्यावर धरला.

फाट्यावर सत्यम मोटारसायकल घेऊन उभा होता. दरीत उतरल्यावर झाडीतून पाण्याचा आवाज येऊ लागला. दर्शन घेऊन, धारेखाली डोकं भिजवून, खांद्यावर टॉवेल टाकून विजयसिंह चहाच्या टपरीवर बसले होते. अंगानं भक्कम, मिशा अजून ठिबकत होत्या. आजूबाजूला त्यांच्या गावची दोन-चार माणसं.

संस्कृती पाया पडली.

"काका, गाडी आणलीय."

विजयसिंह बशी तशीच ठेवून उठले आणि मान लांब करून गाड्या लावतात तिकडं बघू लागले. "कुठंय?"

"इथं."

तिनं टपरीच्या टेबलावर खोकं ठेवून झाकण काढलं.

सत्यम धबधब्याकडं असा बघत राहिला, जणू त्यालाही तपासायचं होतं.

"ही?" विजयसिंह म्हणाले.

"हीच. दुसरी न्हाई. आप्पांना न्हाई म्हणता येत न्हाई, म्हणून मी आले. ही मी केलीय. मला रुखवतात मधोमध ठिवायचीय, आन तिच्याकडं बघून कुणी चावी हुडकू नये असं वाटतंय. तिच्यानं तुमच्या घराची मान खाली जात असंल, तर आत्ताच सांगा. झाकण लावते."

झाकण तिनं हातातच धरलं होतं.

"गाडी मागितली कुणी?" विजयसिंहांनी मिशा पुसल्या. "आमी कुणाला काय मागितलं का? गेट तर ट्रॅक्टरसाठी रुंद केलंय."

"चेअरमन," टपरीवाला म्हणाला, "परवा तर तुमी म्हणले पिवळी..."

"गप बे. चहा वत."

खालून

विजयसिंहांची एक सवय होती. जुन्या जीपगाड्यांच्या बाजारात ते गेले की वरचा रंग बघतच नसत. वरून सगळेच नटतात, असं त्यांचं म्हणणं. ते टॉवेल अंथरून आधी गाडीखाली शिरत.

लाज झाकायला माणूस हाताला येईल ते धरतो. विजयसिंहांच्या हाताला गाडी आली. त्यांनी टॉवेलनं हात कोरडे केले, गाडी दोन्ही हातांनी उचलली आणि सवयीनं उलटी केली.

मग ते हळूहळू टेबलावर वाकले.

"शाफ्ट दिलाय."

"हां काका."

"मागचे पाटे बी हायेत."

"तारेचे केलेत. दाबून बघा."

त्यांनी करंगळीनं दाबलं. चाक आत गेलं आणि परत वर आलं. मिशीखाली कुठंतरी हसू हललं. त्यांनी गाडी सरळ केली, नखानं बॉनेट उघडलं, डोळा जवळ नेला. गावची माणसं बाकावरून उठून मागं उभी राहिली.

"सिलेंडर किती?"

"आठ."

"आठ?" त्यांनी गाडी पुन्हा उलटी केली. "आठ भट्ट्या पेटवल्यास, पोरी, आन धुराडं एकच?"

"काय?"

"सायलेन्सर. एकच नळी काढलीस. एवढा धूर एकीतनं जाईल का? दम कोंडंल तिचा."

संस्कृतीनं घाईघाईनं मोबाइल काढला. मागून काढलेला फोटो मोठा केला. बंपरच्या खाली दोन नळ्या होत्या, एक डावीकडं, एक उजवीकडं. फोटोत पहिल्यापासून होत्या. पण जन्मभर जीपच्या आणि टेम्पोच्या मागं एकच नळी बघितलेली. तिच्या डोळ्यांनी एक बघितली, दुसरी सोडून दिली.

खरं तर तिला ओशाळं वाटायला हवं होतं. लॅबमध्ये चूक झाली की डबी परत यायची, आत चिठ्ठी असायची, दुखतंय. इथं कुणाला काही दुखलं नव्हतं. एका माणसानं नुसतं बघितलं होतं, इतकं मन लावून बघितलं होतं की चूक सापडली. तिला हसू येऊ लागलं आणि ते आवरेना.

"हसती काय? बरोबर हाय का न्हाई?"

"बरोबर हाय, काका. दोन पायजेत."

"मग दुसरा बसिव. आन मधोमध ठिव." त्यांनी आवाज जरा मोठा केला, मागच्या लोकांना ऐकू जाईल इतका. "अर्धवट गाडी आपल्या घरी चालणार न्हाई. काय रे?"

"न्हाई चालणार," गावची माणसं म्हणाली.

त्या संध्याकाळी मोहनरावांचा फोन वाजला.

"मोहनराव, गाडी बघितली."

मोहनराव ओट्यावर होते तिथंच खांबाला टेकले.

"पसंत हाय. एक सायलेन्सर कमी व्हता, तेवढा पोरीला घालाय सांगितलंय. तुमच्याकडनं आता काय बी नगं."

"बघू की," मोहनराव सवयीनं म्हणाले.

टेबल

लग्नाच्या दिवशी मांडवाच्या कोपऱ्यात आत्यानं रुखवत मांडलं. डावीकडं करंज्यांचा डोंगर, पुढं लोकरीचा मोर, खारकांचे नवरा-नवरी, आणि मधोमध, शेजारी चावी नाही, रिबिन नाही, दोन सायलेन्सरची पिवळी गाडी.

रुखवत बघायचं ते बायकांनी, असा रिवाज. पण आधी एक पुढारी आला आणि टेबलावरचं कापड उचलून बघू लागला.

"चावी न्हाई," शेजारी खुर्ची टाकून बसलेले विजयसिंह म्हणाले. "वरनं बघू नका. वाका."

तो वाकला आणि पुन्हा वर आलाच नाही. दुसरा आला. मग दुसऱ्याला तिसऱ्यानं हात करून बोलावलं. थोड्याच वेळात कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घातलेली माणसं गुडघे टेकून टेबलाच्या कडेला डोळा लावून बसली होती, आणि नाकं मुरडायला मुद्दाम लवकर आलेल्या नवऱ्याकडच्या बायकांना टाचा उंचावूनही काही दिसत नव्हतं. बॉनेट उघडायचा मान विजयसिंहांनी कुणाला दिला नाही. ते दर वेळी स्वतः नख लावत आणि म्हणत, आठ हायेत, मोजा.

आत्यानं हे काही वेळ सहन केलं. मग ती पदर खोचून मधे उभी राहिली.

"रांगेत या. आधी करंज्या बघायच्या, मग खारका, मग मोर. मोराला बरं म्हटल्याबिगर कुणी गाडीकडं सरकायचं न्हाई."

रांग लागली. माजी सदस्य, आजी सदस्य, सोसायटीचे संचालक एकामागून एक लोकरीच्या मोरासमोर उभे राहू लागले. लई झ्याक मोर, भिवराबाई. पिसारा तर खराच वाटतोय. आत्या प्रत्येकाचं पुरं ऐकून घेई आणि मगच वाट देई.

नवरीनं खोलीबाहेर यायचं नसतं. संस्कृती मुंडावळ्या बांधून, हिरवा चुडा सावरत दाराच्या पडद्याआड उभी होती आणि फटीतून एक डोळा लावून बघत होती. तिच्या गाडीसमोर आलेलं माणूस थांबत होतं. मागचा ढकलायचा, तरी थांबत होतं. मोहनराव रांगेच्या शेवटी उभे होते, टोपी सारखी करत, स्वतःच्या पाळीची वाट बघत.

माइकवरून भटजींचा आवाज आला. मुहूर्त जवळ आला आहे, नवरदेवाला घेऊन या. थोड्या वेळानं पुन्हा आला. मग तिसऱ्यांदा, जरा चिडून.

नवरदेव रांगेत होता. बाशिंग एका बाजूला कलंडलेलं, हातात नारळ, करंज्या आणि खारका ओलांडून नुकताच मोरापाशी पोचलेला.

"काय जावईबापू," आत्या म्हणाली. "मोर कसा हाय?"

सत्यम खाली वाकला. त्यानं मोराला सगळ्या बाजूंनी नीट बघितलं, जनावर बघतात तसं.

"चांगला हाय, आत्या. पण डावा पाय जरा सुजल्यासारखा वाटतो."

पडद्याआड संस्कृतीनं तोंडावर पदर दाबला. आत्यानं मोराच्या पायाकडं बघितलं, मग जावयाकडं बघितलं, आणि त्याला दंडाला धरून रांगेच्या शेवटी, सासऱ्याच्या मागं नेऊन उभा केला.